शब्द सांगितल्याशिवाय

अन्वित सोमवारी आला तो मनगटात निळा पट्टा घालूनच.
प्लास्टिकचा. त्यावर आकडे. कात्री दाखवली तर हात पोटाशी.
"बोटीवर माझी शाळा होती, निराताई. दहाव्या मजल्यावर."
बोटीला दहावा मजला!
मी करावे गावची. माझ्या बापाच्या होडीला
मजला एकच, आणि त्यातही पाणी यायचं.

मग नेरूळचं माझं पाळणाघर दिवसभर ऐकत राहिलं:
तिथं चेंडूंचं तळं असतं आणि बाहेर खरं पाणी,
खिडकी गोल असते पण उघडत नाही,
एक मिस तोंडावर वाघ काढते,
पहिल्या दिवशी सगळ्यांनी नारिंगी जाकीट घालून उभं राहायचं,
डायपरवाल्यांना आत सोडत नाहीत, त्यांची आई लागते सोबत.
हे सांगताना त्यानं ओमीकडे बघितलं.
ओमी डायपरमध्येच हसली.
"मऊ भात मात्र नसतो," म्हणाला,
आणि वाटी पुढं केली.

त्याच्या आईचं मला कळतं ते दारातलं,
एक चप्पल पायात, एक काढलेली, एवढ्या वेळातलं:
पहिल्या रात्री आम्हाला एक फोन दिला हातात,
आम्ही जादूचे प्रयोग बघायला बसलो,
कबुतर निघायच्या आत वाजला.
दुसऱ्या रात्री वाजलाच नाही.
तीन तास, निराताई.
मी बुफेच्या रांगेत ताटली धरून उभी
आणि रडू मलाच.

म्हटलं, होतं असं.
जूनमध्ये तुम्ही या जिन्याखाली उभ्या होतात,
मला स्वयंपाकघरातून दिसत होतं.

आमच्या होडीवर मला सांभाळायला दोरी होती.
एक टोक कमरेला, एक डोलकाठीला,
मधे मला पाहिजे तेवढं जग,
दोन हात कमी.
आय कोळंबी निवडायची. "निरे, बस गो,
उठशील त पान्यान जाशील."
मी उठायचेच.
दोरी ताणली की ती मान वर न करता म्हणायची, "हां."
कंबरेवर घट्टा होता बरीच वर्षं, परकराच्या नाडीखाली.
कधी गेला, लक्षात नाही.
आता त्या खाडीवर लोक दुर्बिणी घेऊन येतात,
फ्लेमिंगो मोजतात.

साडेसहाला अन्वितची आई आली, हेल्मेट काखेत.
हा दारात आडवा.
"पासवर्ड?"
बोटीवर म्हणे शब्द सांगितल्याशिवाय मूल कुणाला देत नाहीत.
"अरे, मी आई आहे."
"ते तिथल्या मिसला पण माहीत होतं. शब्द सांग."
शब्द बाबानं ठरवलेला. बाबा मीटिंगमध्ये.
ती पायरीवर बसली, हेल्मेट मांडीवर, डोळे मिटून.
जहाज? नाही. डॉल्फिन? नाही.
दिवसभर ऑफिसात कुणाकुणाला उत्तरं देऊन आलेली बाई,
तिचा ओठ जरा हलला.

मला दुपारीच कानात सांगितलं होतं त्यानं, शपथ घालून.
शपथ म्हणजे शपथ.
मी आत गेले आणि ओमीला भूक लागली असं ठरवून
पेरू कापत बाहेर आले.

पट्टा गुरुवारी हात धुताना आपोआप तुटला.
रजिस्टरमध्ये त्याच्या पानावर चिकटवून ठेवलाय.
पण शब्दांची साथ पसरलीय.
आता संध्याकाळी दारात रांग लागते:
भेंडी. डंपर. मोदक. पुन्हा डंपर, भांडण.
रेयांशचे आजोबा कानानं कमी,
"कासव"च्या जागी "पासबुक" म्हणतात,
तो उदारपणे चालवून घेतो.

ओमी अजून बोलत नाही, तिला शब्द नाही.
ती गजातून बघते कोण आलंय,
आणि वळून
चपला शोधायला लागते.