डिस्चार्जची खिडकी

परळ. तळमजला. खिडकी चार.
बावीस वर्षं मी इथे बसून
माणसं घरी पाठवते.
कागदावर शिक्का, शिक्क्याखाली सही,
सहीशेजारी एक चौकोन : पुढची तारीख.
चौकोन भरलेला असो की कोरा,
माणूस फाइल काखेत मारतो
आणि काचेच्या भोकातून
काहीतरी बोलून जातो.

तिरुनेलवेलीची सोर्णम,
डोक्यावर मुलाची क्रिकेटची टोपी :
पोयिट्टु वरेन.
रांगेतून कुणीतरी सांगितलं, जाऊन येते म्हणतेय.
हुबळीचे मास्तर : होगि बर्तीनि.
तेच. जाऊन येणंच.

मालद्याचा गोपेश, आंब्यांच्या पेट्या ठोकणारा,
जबडा अर्धा बांधलेला,
तरी कापसातून दोन अक्षरं सांडली : आशि.
मी विचारलं, अशी? अशी कशी?
त्याचा भाऊ हसला. तिथे आठवड्यात पहिल्यांदा.
आशि म्हणजे येतो, दिदी.
जातो म्हणायचं नसतं आमच्यात.
म्हटलं, आमच्यातही.

दारावर धनसुखभाई. जाणाऱ्या प्रत्येकाला : आवजो.
मेट्रननं एकदा झापलं,
इस्पितळाच्या दारात कुणी 'या' म्हणतं का?
दोन दिवस त्यांनी नुसता सलाम ठोकला.
तिसऱ्या दिवशी पुन्हा आवजो.
मला म्हणाले, बेन, जा तर कुत्र्याला म्हणतात.

आणि झांझिबारचे सालूमचाचा.
माझ्या अंगठ्याला पट्टी होती, स्टेपलर लागलेला.
स्वतःच्या घशाला भोक, तरी पट्टी बघून म्हणाले, पोले.
मग पुन्हा, पोले.
मला वाटलं पोळी मागतायत.
मुलगी म्हणाली, दमलेल्याला म्हणतात हे,
पडलेल्याला, लागलेल्याला,
घरातलं माणूस गेलं त्यालाही.
तुमच्यात काय म्हणतात?

मी शोधलं. टोकन पुढे सरकेना.
कुणी ठेचकाळलं तर आम्ही म्हणतो, बघून चाल.
कुणी गेलं तर काही म्हणत नाही,
जाऊन बसतो.

परवा संगमेश्वरचे भिकाजी राहाटे.
चौकोन कोरा.
का कोरा ते त्यांना वरच्या मजल्यावर सांगितलं होतं,
बाईंना बहुतेक नव्हतं.
कागद घेऊन म्हणाले, जातो ताई.
सुगंधाबाईंनी मागून दंडाला चापट मारली,
जातो काय? येतो म्हणावं.
इथं? ते म्हणाले. इथं परत येतो म्हणू?

बाईंनी तोंड उघडलं.
मिटलं.
पिशवीची नाडी आवळली, सोडली, पुन्हा आवळली.
माझा शिक्का हातात तसाच.
एवढ्या वर्षांत एवढी माणसं बोलून गेली,
पण त्यांना हळूच पुढे सरकवावं
असं एक अक्षर माझ्याकडे निघेना.
आवजो नको. आशि नको. क्वाहेरीही नको,
ते कुणाला कळणार संगमेश्वरात?

मग राहाटेच म्हणाले,
बरंय मग.

बरंय.
राउंडवर डॉक्टर रोज विचारतात तोच शब्द,
फक्त शेवटचा 'का' वर खाटेवर ठेवून आलेले.
बाईंचा चेहरा सैल झाला.
हां, त्या म्हणाल्या, बरंय ताई.
मीही म्हटलं, बरंय.
आणि घाईनं, टोकन एकशे सात.

सहा वाजता शटर ओढलं.
शिक्क्याची शाई झाकली, डबा घेतला.
दारावर धनसुखभाई : आवजो, बेन.
येते, म्हटलं.
मला काय, यायचंच असतं.
उद्या, आठला.