काचेवर बारा काठ्या

अंब्रुशला आता दिसत नाही.
म्हणून तो काठी डोळ्यासमोर धरत नाही,
स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या काचेवर ठेवतो
आणि तळव्याने ढकलून देतो.
सरळ काठी नुसती जाते.
वाकडी बोलते: टक्, टक्, टक्.

टिसा नदीकाठचं गाव, नोव्हेंबर,
खिडकीला वाफ धरलेली.
टपालाची गाडी लावून मी थेट इथे येतो,
गणवेशावर भुसा पडतो.
पाइनच्या फळीतून फाडलेल्या बारा काठ्या,
रंध्याखाली आधी चौकोनी, मग आठकोनी, मग सोळा,
मग कोन मोजायचं आम्ही सोडून दिलं.

"रेष कुठे सुटते ते बोटाने बघ," तो म्हणतो,
"मधेच काठीबाहेर पडली
तर तो बाण एक दिवस तुझ्याच हातात घुसेल."
त्याच्या डाव्या अंगठ्यामागे एक जुना वण आहे.
मी विचारलं नाही.
त्याने तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.

एटेल्का दोन खोकी आणते, बुटांची.
एकात हंसांच्या डाव्या पंखाची पिसं, दुसऱ्यात उजव्या.
एका बाणाला तीन, तिन्ही एकाच अंगाची,
नाहीतर हवेत नवरा-बायकोचं भांडण.
मांसाला असा नियम नाही, म्हणते,
आणि ताट माझ्यापुढे सरकवते.

सरस शिजतो. घरभर खुरांचा वास.

अकरा काठ्या गप्प गेल्या.
बारावी बोलली.
किटलीच्या वाफेवर धरून त्याने ती तळव्याने दाबली,
काचेवर सोडली. टक्.
पुन्हा वाफ. पुन्हा टक्.
"हिलाही पिसं लाव," म्हणाला, "सरावाला चालेल."

रविवारी, धरणाच्या बांधाखाली,
नेमकी तीच गवतात गेली.
मी बुटाच्या टोकाने गवत विंचरत फिरलो
अंधार पडेपर्यंत.
सापडला तो दुसराच बाण:
करडा, गंजक्या टोकाचा, पिसं उंदरांनी खाल्लेली.
थुंकी लावून चिखल पुसला,
तर दोन निळी कडी, मधे बारीक पिवळं.
गावात अशी कडी एकच माणूस रंगवायचा.

नेऊन त्याच्या हातात दिला.
त्याने मागच्या खाचेत नख घातलं,
लाकूड नाकाशी नेलं,
मग काचेवर ठेवून ढकललं.

टक्, टक्, टक्.

"हा माझा नाही," अंब्रुश म्हणाला.

एटेल्काने माझ्याकडे पाहिलं,
मग सरसाच्या भांड्याकडे.
"नसेल," मी म्हणालो.

मी कोट चढवला, बुटांच्या नाड्या बांधल्या,
दाराशी टोपी शोधली.
त्याचा तळवा अजून बाणावरच होता,
पुढे, मागे.
टक्, टक्.