अकरावा तास

मिरजेहून सकाळची एसटी. पिशवीत
आठवडाभर जमवलेली टिपणं.
सावळजच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात बावीस माणसं,
धरून त्यांची पोरं, आणि दारात आडवं एक कुत्रं.

मी द्राक्षमळ्याचा दाखला सोडवत होतो:
पहाटेचे मजूर म्हणजे इस्राएल,
उशिरा आलेले आपण, परराष्ट्रीय.
दिनार म्हणजे तारण, ते कुणाला अर्धं मिळत नाही.
कारभारी नेमका कोण, यावर विद्वानांत दुमत आहे.
'दुमत' मी जरा चवीनं उच्चारलं.

तिसऱ्या रांगेत राहेलबाई आवळे.
विरळणीचे दिवस; बोटांना काळा चीक,
अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा.
त्या हसल्या.
दूध उतू जाण्याआधी
पातेल्याच्या कडेला हलतं, तेवढंच.

चहाच्या वेळी म्हणाल्या,
"पाळकसाहेब, तुमी कधी बागंत कामाला गेलाय?"
नाही.
"मग ऐका. पाच वाजता कुणी मजूर लावत न्हाई.
जायाला अर्धा तास, हातपाय धुवायला अर्धा,
तेवढ्यात घड किती व्हनार? दोन?
मालक पहाटंच वेली मोजतो, माणसं मोजतो, नेतो.
परत फिरकत न्हाई.
ह्यो पाचदा आला.
त्यो द्राक्षासाठी आलाच न्हवता."

मी बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिलो.
चहा केव्हाच निवला होता.

"आन् उभं ऱ्हाणं म्हंजी काय, ठावं हाय?
थोरल्याच्या येळंला सातवा चालू हुता.
अड्ड्यावर रोज यायची.
मुकादम पोट बघायचा आन् फुडं जायचा.
काम करून पाठ दुखती, साहेब.
उभं राहून..."
वाक्य त्यांनी तिथंच ठेवलं
आणि कप विसळायला घेतले.

सोमवारी मी तासगावला उतरलो.
काम काही नव्हतं.
पाचच्या सुमारास स्टँडमागच्या अड्ड्यावर
तिघं उरले होते:
एका डोळ्यात फूल पडलेला म्हातारा,
नव्या कात्रीचं प्लॅस्टिकही न काढलेला पोरगा,
आणि एक बाई, मांडीवर न उघडलेला डबा.

माझा पांढरा शर्ट बघून तिघंही उठले.
बाईनं पदर खोचला.
"किती माणसं पायजेत?"

माझ्याकडे मळा नव्हता.
पिशवीत टिपणं, खिशात
परतीच्या तिकिटापुरते सुट्टे.
यानंतर मालक काय म्हणतो
ते मला तोंडपाठ आहे, मूळ भाषेतसुद्धा.
जीभ टाळूला चिकटली होती.

म्हातारा एक पाऊल पुढं आला,
चांगला डोळा माझ्याकडे करून
हळूच म्हणाला,
"लांब असलं तरी चालंल."