लाँग शॉट

फाईल मिटता मिटता हुद्दारवकील म्हणाले,
"नेमाण्णा, इट्स अ लाँग शॉट,"
आणि माझ्याकडे बघितलं,
म्हणजे पुढचं मी सांगायचं.

मी कोर्टाच्या आवारात टायपिंग करते.
चिंचेखाली टेबल. कन्नड अर्जाचे वीस, इंग्रजीचे तीस,
मराठी तोंडी.

शोधत राहिले.
कपिलाषष्ठीचा योग? तो निदान पंचांगात तरी सापडतो.
अंधारात मारलेला दगड? त्याला नेम नसतो,
आणि हा माणूस तर नावातच नेम घेऊन आलेला.
सुतराम शक्यता नाही, असं म्हणावं
तर ते खोटं. सुताएवढी असते म्हणूनच
इंग्रजांना हा शब्द लागला.

चहा येईपर्यंत वकीलच सांगत बसले:
जुन्या जहाजांवर तोफा असायच्या, पल्ला जेमतेम.
लांबून डागला की गोळा बहुतेक पाण्यातच.
एखादा लागायचा. त्या एखाद्यासाठी दारू जाळायची.
पुढे तो शब्द रेसकोर्सवर गेला,
ज्याच्यावर कुणी पैसे लावत नाही त्या घोड्याकडे.
मग सगळीकडेच.
"म्हणजे आमच्या धंद्यात," म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

नेमाण्णा ऐकत होता. मांडीवर पिशवी,
पिशवीत एक गेटपास, तोही झेरॉक्स.
बावीस वर्षं चांदमारीच्या खड्ड्यात,
डोक्यावर निशाणं, हातात दोर.
वर ओढायचं, खाली घ्यायचं.
चुकली की लाल बावटा हलवायचा.
फायरिंग थांबलं की कणकेची खळ घेऊन
भोकांवर कागदाच्या टिकल्या.
रोजंदारी. हजेरीबुकात नाव कधी पेन्सिलीनं,
कधी तेही नाही.

"सहाशे यार्ड," तो म्हणाला.
"काय सहाशे?"
"तुमचं ते लाँग. तिथनं मारायचे की.
लागते, बाई. भोकं मीच बुजवलोय."

वकील हसले नाहीत. मी कागद घातला.
अर्जदार, वय सत्तर, राहणार कंग्राळी,
कन्नडमध्ये त्याचं गाव एका अक्षरानं बदलतं,
ते त्याला दाखवलं. चालतंय म्हणाला.

तिकीट मी जिभेनं ओलं करणार
तर त्यानं हातातून घेतलं,
माझ्या बाटलीतलं पाणी बोटावर,
आणि अंगठा
कोपऱ्यापासून मध्यापर्यंत, मग परत कोपरा,
खाली हवा राहिली नाही.
इतकं नीट चिकटवलेलं तिकीट
या टेबलावर मी बघितलेलं नाही.

"कधी कळंल?"
वर्ष तरी, मी म्हटलं. दोन.
त्यानं मान हलवली, मला समजावल्यासारखी.
"गोळी आधी येते खड्ड्यात.
आवाज मागनं.
लागली असंल बी आत्ताच."

तीस रुपये दिले. मी वीस घेतले.
मग सव्वाचारची बस चुकली म्हणून
चिंचेखालीच बसून राहिला,
पाच वाजेपर्यंत.