उजवा रकाना

इंदोऱ्याच्या अभ्यासिकेत खुर्ची एकतीस
कूलरच्या तोंडाशी, म्हणून कुणी घेत नाही.
पानं उडतात.
मी घेतली. डाव्या पानावर डबा,
उजव्यावर बाटली, मधे उतारा.

उतारा हिमनद्यांचा.
बाहेर सेहेचाळीस.
वाळ्याचा ओला वास नाकात घेऊन मी वाचते
बर्फ कसा सरकतो, वर्षाला किती हात,
आणि लेखकाचा सूर कोणता:
चिंतेचा, उपहासाचा, तटस्थ, की आशेचा.
डोंगरवार सर सांगतात, आधी प्रश्न वाचा, मग उतारा.
मला जमत नाही.
कुणाच्या घरात शिरून
फक्त चाव्या शोधाव्यात, तसं वाटतं.

शब्दांची वही दोनशे पानी,
मधोमध पट्टीने रेघ.
डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ.
उजवं नंतर भरीन, आधी डावं संपू दे,
असं करत एकशे चाळीस शब्द
नुसतेच उभे राहिले, फलाटावर सामान घेऊन.

आई मेयोत आया आहे.
रात्रपाळी असली की साडेआठला
ती साडीला पिना लावते, मी मोठ्याने घोकते,
मोबाइलमधला अर्थ, मग शब्द, मग अर्थ.
तिचं लक्ष पिनांकडे असतं,
असं मी धरून चालले होते.

मंगळवारी वही उघडली
तर उजवा रकाना भरलेला.
पेन्सिलीने. दहावीत सुटलेलं अक्षर,
गोल, प्रत्येकावर नीट छप्पर घातलेलं.

रिलक्टंट: मन नाई लागत, पन जा लागते.
फ्यूटाइल: मेलेल्या मानसाले सलाइन.
कँडिड: वार्डातली शेवंताबाई.
ऑब्सोलीट: तिसरा पंखा. चालत नाई, काढत बी नाई.
अँबिग्युअस: डाक्टर म्हनते, पाहू.

सॉलिट्यूडसमोर काही नव्हतं.
एक ठिपका फक्त,
पेन्सिल टेकवून उचललेली.

आम्ही त्यावर बोललो नाही.
बुधवारी मी डावीकडे वीस नवे शब्द लिहिले,
ओळ सोडून सोडून,
आणि टोक केलेली पेन्सिल वहीत विसरले.

त्याच आठवड्यात सर काळ शिकवत होते.
क्रिया मागे कधीतरी सुरू झाली,
अजून संपलेली नाही, हे एका क्रियापदात कसं बसवायचं.
पुण्याच्या मावसबहिणीला विचारलं असतं
तर तिला दीड ओळ लागली असती.
मागून निखारे म्हणाला, 'सर, करून राहिलो.'
वर्ग हसला.
सर हसले नाहीत. फळ्यावर लिहिलं,
करून राहिलो,
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

परीक्षा हिंगण्याच्या सेंटरवर.
हातातला काळा दोरासुद्धा काढायला लावला.
प्रश्न सतरा: रिलक्टंट.
चार पर्याय, चारही इस्त्री केलेले.
बरोबर कुठला ते लगेच दिसलं, दाबला.
वर उलटं घड्याळ धावत होतं
आणि मी त्याच प्रश्नावर बसून होते,
उगाच, तेहतीस सेकंद,
दारात चप्पल शोधणारी निळी साडी बघत.
शेवटचा उतारा मग अर्धाच वाचला.
मुंग्यांचा होता. आधी प्रश्न वाचले.

घरी आले तेव्हा आईची सुट्टी होती,
भात शिजत होता.
'कसा गेला वो पेपर?'
मी म्हटलं, अँबिग्युअस.
ती थोडा वेळ गप्प.
'पाहू,' म्हणाली,
आणि कुकरकडे वळून मलाच विचारलं,
शिट्ट्या दोन झाल्या, की तीन.