तिसरं पिंप

मेचा दुसरा शनिवार. पाला करपवणारी थंडी
आता परत यायची नाही, असं मासळीवाला लुसियानो म्हणाला.
तो म्हणतो ते निम्म्या वेळा खरं ठरतं.
मी कुदळ काढली.

आदेलिनो, तू खिडकीत.
डाव्या हातात चमचा.
काचेवर एकदा वाजवलास की हो, दोनदा की नाही.
वाचा गेल्यापासून आपला संसार
असा दोन शब्दांवर चाललाय,
आणि खरं सांगू, पूर्वीही
फार जास्त लागत नव्हते.

एकतीस वर्षं अंजिरं पिंपात.
गिरणीतून रंगाची रिकामी निळी पिंपं तूच आणलीस,
बुडाला तापल्या सळईनं भोकं पाडलीस.
पिको बेटावरून ओल्या फडक्यात गुंडाळून आलेल्या
तीन काड्या. कस्टमवाल्याला म्हणालास,
सासूच्या मोडक्या हाताला बांधायच्या कामट्या आहेत.
जमिनीत लाव म्हटलं की तुझं ठरलेलं:
कशाला? पुढच्या वर्षी परत जायचंच आहे.
जमिनीतलं झाड कुणी बरोबर नेतं का?
मग नोव्हेंबरात पिंपं तळघरात,
एप्रिलात वर.
अकरा पायऱ्या. तू वरून ओढायचास, मी खालून रेटायचे,
आणि माझी कंबर
कुठल्या बेटावर परत जाणार होती, देव जाणे.

वरच्या मजल्यावरचा वुथी मदतीला आला.
सोळा वर्षांचा, मोजे वेगवेगळ्या रंगांचे.
त्याची आजी दर वसंतात मागच्या दाराशी
गवती चहा लावते, दर हिवाळ्यात तो मरतो,
जिन्यात भेटलो की आम्ही दोघी
एकमेकींकडे बघून मान हलवतो.
भाषा नाही. लागतही नाही.

पहिलं पिंप आडवं पाडून करवतीनं कापलं.
आत दुसरं पिंप निघालं,
मुळांचं विणलेलं,
गोल गोल, स्वतःच्याच मागे फिरून फिरून
माती जवळजवळ खाऊन संपवलेली.
मी सुरीनं चार बाजूंनी चिरायला घेतलं.
टक टक.
म्हटलं, तू गप्प बस.
चिरलं नाही तर मोकळ्या जमिनीतही
ही मुळं तेवढंच वर्तुळ घालत बसतील.
चीक मनगटावर सांडला, खाज सुटली.

खड्डा गॅरेजच्या विटांच्या भिंतीलगत,
जिथे दुपारचं ऊन रात्रीपर्यंत मुरतं.
गुडघाभर झाला. पुरे?
टक टक.
आणखी वीतभर. आता?
टक.
खोडाचा बुंधाही मातीत गेला.

दुसरंही तसंच. थोडं कमी हट्टी.

तिसरं कोपऱ्यातलं.
तुला झटका आला त्या वर्षापासून ते बाहेरच.
दोन पिंपं मी नि जावई कशीबशी खाली न्यायचो,
तिसऱ्याला माझ्यात जीव उरायचा नाही.
जुना गालिचा गुंडाळायचा, वर बादली पालथी घालायची.
दरवर्षी वाटायचं, गेलं. दरवर्षी बुडातून फुटायचं.

वुथीनं कवेत घेतलं. उचलेना.
मी पहार घातली. हलेना.
पोटावर पालथा होऊन त्यानं खाली डोकावलं
आणि त्याच्या भाषेतलं काहीतरी बोलला, शिवीच असावी.
बुडाचं भोक फाकवून, प्लास्टिक तडकवून
मनगटाएवढं मूळ
सरळ खाली गेलेलं.

म्हणजे चार वर्षं ते जमिनीतच होतं,
पिंप नुसतं अंगावर ठेवून,
उन्हाळ्यात म्हाताऱ्यानं कोट घालून बसावं तसं.

मी खिडकीकडे वळले.
तुला माहीत होतं?
चमचा हवेतच थांबला.
मग तू पावाला लोणी लावायला लागलास,
एका हातानं, फार मन लावून.

आता याचं काय करायचं, वुथी विचारतो.
पिंप तेवढं कापून काढ. झाडाला हात लावू नकोस.

पाणी न्यायला आत आले तेव्हा
तुझ्या बाहीवर लोणी होतं. पुसलं.
तू वर पाहिलं नाहीस.

छाटलेल्या फांद्यांतल्या दोन काड्या
ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यात,
वुथीच्या आजीला.
कुंडी देणार नाही.