तांब्याचं मलम

पावाची गाडी काळं ओकायला लागली तेव्हा
ब्रागान्साच्या डोंगरात चेस्टनट पडत होते
आणि तपासणीला उरले होते दोन दिवस.
डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्यावर मी
पिठाच्या पिशवीचा तुकडा चिकटवला होता.
धूर असा झाकत नाही.

अदेरितो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला,
डिझेलला ऑक्सिजन सेन्सर नसतोच, बाई.
डिझेल हवा पोटभर पितं, मोजतंय कोण?
जुन्यांना नसेल. हिला आहे.
मला ठाऊक होतं, कारण त्याचे नव्वद युरो
मी एकदा मोजून दिले होते माझ्या भावाला,
आणि पुढच्याच रविवारी, आईसमोर, भरल्या ताटावर
म्हटलं होतं: सेन्सर कसला, प्यायलास तू ते.
जिभेला हाड नव्हतं माझ्या.
अमांसिओने काटा खाली ठेवला. हात पुसले.
लक्झेंबर्गची बस पकडली.
झाली सहा वर्षं.

वरून काही दिसत नाही.
टर्बोमागे अंधार, त्यात हात मनगटापर्यंतच जातो.
मग गाडी जॅकवर चढवली, स्टँड लावले
आणि खालून वायर धरून निघाले:
प्लगपासून उतरत, तापपत्र्याच्या मागून,
एका नळीला वळसा घालून
थेट एक्झॉस्टच्या गळ्यापाशी.
तिथे तो. अंगठ्याएवढा, काजळलेला.
काय जळलं हे तो विचारत नाही,
जळून काय उरलं तेवढंच हुंगतो.

इंजिन कोमट केलं. तेल रात्री पाजलं, पहाटे पाजलं.
अशा जागी आट्यांना दातखीळ बसते,
कधी गळ्यासकट तुटून हातात येतं.
बावीसचा फट असलेला पाना,
त्यावर सासऱ्यांच्या पंपाचा पाइप,
पाय चाकाला रोवले, श्वास धरला
आणि ओढलं.

सुटला.
पाव फेऱ्यात, मुरंब्याच्या बरणीसारखा.
कोपर जाऊन जॅकवर आदळलं,
अदेरितो हसला.

आट्यांच्या प्रत्येक खाचेत तांबूस भुकटी होती.
कुणीतरी हात न राखता मलम लावलेलं,
पुढे कधी काढणाऱ्याला सोपं जावं म्हणून.
आणि वायर तापल्या पत्र्याला टेकू नये म्हणून
टोमॅटोच्या वेलांची हिरवी तार,
तिला दोन गाठी, दुसरी उलटी.
आमच्या घरात उलटी गाठ एकच माणूस मारायचा.

मी गाडीखाली तशीच पडून राहिले.
अदेरितोने विचारलं, मोडलं का काही?

नव्याला मलम लावलं, पातळ, फक्त आट्यांना.
टोकाला लागू द्यायचं नाही,
नाहीतर नाक बुजतं त्याचं.
हिरवी तार पुन्हा बांधली.
उलटी गाठ मला जमली नाही.

आता पहाटे पाचला गिमोंदच्या चढावर
आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसतो.
जुना सेन्सर पुढच्या खणात,
दर वळणावर खडखडतो.
सोमवारी पोस्टात नेला, लक्झेंबर्गला किती पडतील विचारलं.
कारकुनाने काट्यावर ठेवला.
दीडशे ग्रॅमसुद्धा नाही, म्हणाला. सोबत चिठ्ठी आहे?

म्हटलं, अजून नाही.
मागे रांग होती. उचलून परत आणला.